बाहेर काढलेले मूल कुठे जाते?

शाळेच्या पालकसभेत दोन तक्रारी बहुधा एकाच दिवशी ऐकू येतात. एका मुलाचे वडील विचारतात, "बाई, आमच्या पोराला सारखे वर्गाबाहेर का काढता? मग तो शिकणार कधी?" आणि त्यांच्यामागे उभी असलेली एका मुलीची आई विचारते, "त्या मुलाला तुम्ही वर्गात ठेवताच का? आमची मुलगी शिकणार कधी?" दोघांची काळजी एकच आहे आणि दोघांचेही म्हणणे रास्त आहे. मुंबईच्या उपनगरातील एका अनुदानित मराठी शाळेत पाचवी ते दहावीच्या वर्गांना शिकवत असताना या दोघांना द्यायचे उत्तर मी हळूहळू तयार केले आहे आणि ते येथे सविस्तर मांडत आहे.

माझे मत थोडक्यात असे आहे. मुलाला वर्गातून हलवणे हा कधीकधी आवश्यक उपाय असतो, परंतु तो योग्य आहे की नाही हे केवळ मुलाने काय केले यावरून ठरत नाही. ते मूल कुठे जाणार, तिथे त्याच्याजवळ कोण असणार, ते किती वेळ तिथे राहणार, तेवढ्या वेळात काय करणार आणि त्याला परत कोण आणणार, या प्रश्नांची उत्तरे शिक्षकाजवळ असतील, तरच त्याला बाहेर पाठवण्याचा अधिकार शिक्षकाला पोहोचतो. आपल्याकडे 'बाहेर हो' हे शब्द उच्चारले जातात तेव्हा बहुतेक वेळा या प्रश्नांची उत्तरे कोणाकडेच नसतात.

मुंबईतील बहुसंख्य शाळांची इमारत डोळ्यांसमोर आणली की याचे कारण समजते. सकाळ आणि दुपार अशा दोन अधिवेशनांत भरणाऱ्या शाळेत रिकामी खोली ही चैनीची गोष्ट असते. प्रयोगशाळेत तास चालू असतो, ग्रंथालयात एखादी तुकडी बसवलेली असते आणि शिक्षकांच्या खोलीत वह्यांचे गठ्ठे तपासले जात असतात. त्यामुळे वर्गाबाहेर काढलेला मुलगा प्रत्यक्षात तिसऱ्या किंवा चौथ्या मजल्यावरच्या अरुंद व्हरांड्यात, जिन्याच्या तोंडाशी उभा राहतो. पहिली काही मिनिटे तो खिडकीतून आत बघून मित्रांना हसवतो, मग पाणी प्यायला जातो, मग शेजारच्या तुकडीच्या दारात घुटमळतो. तास संपेपर्यंत तो कोणाच्याच देखरेखीखाली नसतो. शाळेच्या वेळेत मुलाच्या सुरक्षिततेची जबाबदारी शाळेची असते. ती व्हरांड्यात उभे केल्याने संपत नाही. पहिली-दुसरीच्या मुलांच्या बाबतीत तर मी याहून पुढे जाऊन म्हणेन की, इतक्या लहान मुलाला मोठ्या माणसाच्या नजरेआड एक क्षणही पाठवू नये, मग त्याने काहीही केलेले असो.

कायद्याविषयी शिक्षकांच्या खोलीत बरेच गैरसमज ऐकू येतात. 'आता मुलांना काही बोलण्याची सोय राहिली नाही' हे वाक्य तर रोजचे आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आणि ही मनाई मोडणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत अनुत्तीर्ण मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, परंतु शाळेतून काढण्यावरील मनाई तशीच राहिली. अनावर झालेल्या मुलाला थोड्या वेळासाठी एका जबाबदार व्यक्तीजवळ नेऊन बसवणे हा माझ्या समजुतीप्रमाणे छळ नाही. मात्र त्याला दिवसभर दाराबाहेर उभे करून येणाऱ्याजाणाऱ्याला त्याच्याकडे बोट दाखवू देणे हा निश्चित छळ आहे. रिकाम्या खोलीत कोंडून ठेवण्याचा प्रकार तर राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांनी शारीरिक शिक्षेतच धरला आहे. या दोन टोकांच्या मध्ये शिक्षकाने काय करावे, याचे तपशील शाळेलाच ठरवावे लागतात आणि बहुतेक शाळा ते ठरवत नाहीत.

आता केव्हा काढावे, याकडे वळते. पहिला प्रसंग निर्विवाद आहे. मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, कंपासपेटीतले कर्कटक उगारून धावत असेल, बाक उलथत असेल, रागाच्या भरात त्याला कोणाचेच शब्द ऐकू येत नसतील, तर सूचना, समज, ताकीद या पायऱ्या चढत बसण्यात अर्थ नाही. त्याला ताबडतोब तेथून हलवावे. त्यातही एक व्यावहारिक बाब लक्षात ठेवावी लागते: संतापलेल्या आठवीच्या मुलाला हाताला धरून ओढत नेणे शिक्षकाला शक्यही नसते आणि योग्यही नसते. अशा वेळी उरलेल्या वर्गाला शांतपणे दुसरीकडे नेणे अधिक सोपे पडते. चाळीस-पन्नास मुले रांगेने मैदानात जातात, पर्यवेक्षक किंवा ज्याच्याशी त्या मुलाचे बरे जमते असे एखादे सर वर्गात येतात आणि प्रेक्षक नाहीसे झाल्यावर निम्मा राग आपोआप उतरतो.

दुसरा प्रसंग तितकाच गंभीर आहे, परंतु आरडाओरडा नसल्यामुळे तो नजरेतून सुटतो. एखादा मुलगा दुसऱ्याला जातीवरून, रंगावरून किंवा वडिलांच्या कामावरून सतत हिणवत असतो, किंवा मागच्या बाकावरून मुलींना उद्देशून शेरे मारत असतो. येथे शाळा हमखास एक अन्याय करतात, तो म्हणजे ज्याला त्रास होतो त्यालाच हलवतात. 'तू पुढच्या बाकावर ये', 'तुझी तुकडी बदलून देतो' असे त्रास सोसणाऱ्या मुलीला सांगितले जाते, कारण ती ऐकते. हा सोयीचा मार्ग आहे आणि त्याचा अर्थ वर्गातील प्रत्येक मुलाला बरोबर कळतो. अशा प्रसंगी उठायचे ते त्रास देणाऱ्याने, त्याच तासाला, आणि त्याच्या पालकांना त्याच दिवशी कळले पाहिजे.

तिसरा प्रसंग रोजचा आहे आणि खरा वाद त्यावरच होतो. मूल धोकादायक नाही, दुष्ट तर मुळीच नाही, परंतु ते शिकवू देत नाही. मध्येच आवाज काढते, शेजाऱ्याची वही ओढते, प्रत्येक वाक्यावर कोटी करते. आमचा तास ३५ मिनिटांचा असतो. त्यातली पाच मिनिटे एका मुलासाठी गेली तर सातवा हिस्सा गेला आणि हे रोज होत असेल, तर वर्षाअखेरीस बाकीच्या मुलांचे किती शिकायचे राहिले असेल याचा अंदाज कोणालाही येईल. त्या मुलीच्या आईच्या प्रश्नात जोर आहे तो यामुळे. कोणत्याही परिस्थितीत मुलाला वर्गातून हलवू नये, असे आग्रहाने सांगणाऱ्या तज्ज्ञांविषयी मला आदर आहे, परंतु त्यांच्यापैकी कोणी साठांच्या वर्गावर मधल्या सुट्टीनंतरचा तास घेताना मला भेटलेले नाही.

तरीसुद्धा या तिसऱ्या प्रसंगात मुलाला बाहेर पाठवणे ही अगदी शेवटची पायरी असावी आणि तिच्या आधीच्या पायऱ्या खरोखर चढलेल्या असाव्यात. शिकवता शिकवता त्याच्या बाकाजवळ जाऊन उभे राहणे, आवाज न चढवता नाव घेणे, त्याची जागा बदलणे, फळा पुसायला किंवा वह्या वाटायला सांगणे, वाकून फक्त त्यालाच ऐकू जाईल असे दोन शब्द बोलणे, यांत तास थांबत नाही. जेकब कूनिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचे वर्गव्यवस्थापनावरील संशोधन १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. गडबड झाल्यावर कोणता शिक्षक कशी कारवाई करतो, यापेक्षा गडबड होण्याआधी वर्गात काय चालले आहे यावर त्याचे किती लक्ष असते, यावरून वर्ग शांत आहे की विस्कळीत हे अधिक ठरते, असे त्यांना आढळले होते. एका मुलाला रागावले की त्याचा परिणाम बघणाऱ्या सगळ्या मुलांवर होतो, हेही त्यांनी नोंदवले होते. ज्या आठवीच्या मुलाला सगळ्यांसमोर 'आणखी एकदा बोललास तर बाहेर' असे सांगितले जाते, त्याला मग आणखी एकदा बोलण्यावाचून गत्यंतर नसते, कारण वर्ग आता त्याच्याकडे बघत असतो. अशी जाहीर धमकी देणारा शिक्षक मुलाबरोबर स्वतःलाही बांधून घेतो.

येथे ऑफ तासाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. गैरहजर शिक्षकाच्या जागी ज्या कोणाला पाठवले जाते, त्याला त्या वर्गातील मुलांची नावेही ठाऊक नसतात, हातात धडाही नसतो आणि मग सर्वांत जास्त मुले त्याच तासाला बाहेर जातात. मॉनिटरने फळ्यावर लिहिलेली बोलणाऱ्यांची यादी हा तर पुरावाच नाही. त्या यादीत मॉनिटरची मैत्री आणि भांडणे जशीच्या तशी उतरलेली असतात. त्या यादीवरून कोणालाही बाहेर काढू नये.

ज्या कारणांसाठी मुलाला कधीच वर्गाबाहेर ठेवू नये, ती कारणे खरे तर सांगावी लागू नयेत. तरीही वही आणली नाही, गृहपाठ केला नाही, गणवेश मळका आहे, बूट काळे नाहीत, शुल्क भरलेले नाही, या कारणांनी मुले व्हरांड्यात उभी असलेली आजही दिसतात. यांतली अर्धी कारणे मुलाच्या हातातली नसतात. उशिरा येणाऱ्यांचेही तसेच आहे. सकाळच्या अधिवेशनाला सात वाजता हजर राहणाऱ्या मुलीच्या वस्तीत नळाला पाणी पहाटे तासभरच येत असेल आणि आई त्याआधीच कामाला बाहेर पडत असेल, तर हंडे भरूनच ती शाळेत येणार. तिला पहिला तास संपेपर्यंत दाराबाहेर उभे करून आपण वक्तशीरपणा शिकवत आहोत असे कोणाला वाटत असेल, तर त्याने तिच्या वस्तीत एकदा पहाटे जाऊन यावे. उशिरा आलेल्या मुलाने मागच्या दाराने शांतपणे आत येऊन बसावे आणि चौकशी मधल्या सुट्टीत व्हावी, एवढा साधा नियम पुरेसा असतो.

या विषयातील सर्वांत उपयोगी गोष्ट मात्र मला नोंदवहीने शिकवली. मुलाला वर्गातून हलवले की तारीख, तास, विषय आणि त्याच्या गोंधळाच्या अगदी आधी वर्गात काय चालले होते, हे एका ओळीत लिहून ठेवायचे. सातवीतील एका मुलाच्या बाबतीत अशा ओळी जमत गेल्या, तेव्हा त्या सगळ्या भाषांच्या तासांच्या निघाल्या. गणिताच्या किंवा चित्रकलेच्या तासाला त्याच्याविषयी कोणाचीच तक्रार नव्हती. भाषेच्या तासालाही तो सुरुवातीला ठीक असे. मुलांनी क्रमाने उभे राहून परिच्छेद वाचायला सुरुवात केली आणि पाळी त्याच्या रांगेत आली की हमखास काहीतरी घडे. पेन्सिलपेटी पडे, शेजाऱ्याशी भांडण होई किंवा तो एखाद्या प्राण्याचा आवाज काढी. शिक्षक चिडून त्याला बाहेर पाठवत आणि त्याची वाचनाची पाळी टळे. सातवीत येऊनही त्याला सलग वाचता येत नव्हते आणि हे वर्गाला कळण्यापेक्षा मस्तीखोर म्हणून बाहेर जाणे त्याला अधिक परवडत होते.

अशा मुलासाठी बाहेर काढणे हे बक्षीस असते. ज्या कामातून सुटका हवी होती, ती गैरवर्तन करून मिळाली की तेच वर्तन पक्के होत जाते. मानसशास्त्रात 'टाइम आउट' ही कल्पना अशी आहे की, मुलाला हवीहवीशी वाटणारी गोष्ट थोड्या वेळापुरती त्याच्यापासून दूर करायची. त्यासाठी वर्गातला तो वेळ मुलाला हवाहवासा वाटत असला पाहिजे. ज्याला वर्ग नकोच आहे, त्याला वर्गाबाहेर काढून त्याच्या वागण्यात काय फरक पडणार? त्या मुलाला सर्वांसमोर वाचायला न लावता आधी घरी तयारी करून आणलेल्या दोनच ओळी वाचायला देणे आणि अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घेणे, हा उपाय होता. मुंबईत ही तपासणी आणि प्रमाणपत्राची सोय शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, केईएम, नायर अशा सार्वजनिक रुग्णालयांत आहे. तिथे ताटकळावे लागते, फेऱ्या होतात, परंतु प्रमाणपत्र मिळाल्यावर परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक यांसारख्या सवलती मिळू शकतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिलेल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता या दोन्हींचा समावेश आहे. स्वमग्न मुलाने घंटेच्या आवाजाने कानांवर हात ठेवून किंचाळणे आणि दुसऱ्या मुलाने मुद्दाम किंचाळणे, यांचा आवाज सारखाच असतो. पहिल्या मुलालाही शांत जागेची गरज असते, परंतु त्याला तिथे नेताना त्यात शिक्षेचा लवलेश असता कामा नये.

शांत जागा आणायची कुठून, हा प्रश्न उरतो. इंग्लंडच्या शिक्षण खात्याच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये यावर बराच स्पष्ट विचार आहे. इतर उपाय करून झाल्यावर आणि आवश्यक असेल तेव्हाच मुलाला वर्गातून हलवावे, वर्तन फारच टोकाचे असेल तर ताबडतोब हलवावे, नव्या जागी त्याच्यावर देखरेख असावी आणि शिकणे चालू राहावे, पालकांना त्याच दिवशी कळवावे, असे त्या सूचना सांगतात. तिथल्या अनेक शाळांत यासाठी स्वतंत्र खोली आणि माणूस असतो. आपल्याकडे तशी सोय होण्याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. त्याऐवजी दोन शिक्षकांनी आपसात ठरवून घ्यावे, हा मार्ग मला सर्वांत व्यवहार्य वाटतो. सातवीतल्या मुलाला शांत होण्यासाठी त्याच मजल्यावरच्या दहावीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसवायचे. तिथे त्याला ओळखणारे, त्याच्यावर हसणारे कोणी नसते आणि दहावीची मुले अभ्यासात असतात. जाताना त्याच्या हातात पुस्तक आणि करायचा एखादा स्वाध्याय द्यायचा, बरोबर शिपाईकाका किंवा एखादा शांत मुलगा पाठवायचा आणि दहावीच्या शिक्षकांनी त्याला एक शब्दही न विचारता फक्त बाक दाखवायचा. व्याख्यान आणि चौकशी त्यांच्या वाट्याची नसते. पुढच्या तासाला तो आपल्या वर्गात परत येतो. एक तास ही मर्यादा मी पाळते, कारण त्यापेक्षा जास्त वेळ लागणार असेल तर तो प्रश्न माझ्या एकटीच्या आवाक्याबाहेरचा आहे, असे समजून मुख्याध्यापकांकडे जाणे भाग असते.

परत येणे हा या सगळ्यातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. मुलगा तास संपल्यावर गुपचूप आपल्या जागी येऊन बसतो, दुसऱ्या विषयाचे शिक्षक येतात आणि झालेल्या गोष्टीविषयी कोणीच काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी तोच शिक्षक आणि तेच मूल कालच्या कडवटपणासह समोरासमोर येतात. ज्याने मुलाला बाहेर पाठवले, त्यानेच त्याच दिवशी त्याच्याशी बोलले पाहिजे. मधल्या सुट्टीतील पाच मिनिटे पुरतात. काय झाले हे आधी त्याला सांगू द्यावे, मग त्यामुळे कोणाचे काय नुकसान झाले ते आपण सांगावे, आणि उद्या याच तासाला तो काय वेगळे करेल व मी काय वेगळे करीन, एवढे ठरवून संपवावे. लेखी माफीनामा, मुख्याध्यापकांसमोरचा कबुलीजबाब, वर्गासमोर कान धरणे, यांनी मुलाला फक्त अपमान गिळायला शिकवले जाते. आणि एकाच मुलाला महिन्यातून अनेक वेळा हलवावे लागत असेल, तर उपाय चुकतो आहे असे मानून वर्गशिक्षक, विषयशिक्षक, पालक आणि शक्य असेल तर समुपदेशक यांनी एकत्र बसलेच पाहिजे.

पालकांना बोलावण्याच्या पद्धतीविषयी शेवटी लिहिते, कारण मुंबईत ती फार महाग पडते. 'उद्या आईवडिलांना घेऊन ये, तोवर वर्गात बसायचे नाही' हे सर्रास ऐकू येणारे वाक्य मला वर्गातून काढण्याचा सर्वांत वाईट प्रकार वाटतो, कारण त्याला मुदत नसते आणि मुलाचे वर्गात परतणे त्याच्या वागण्यावर अवलंबून न राहता आईवडिलांच्या रजेवर अवलंबून राहते. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईचा एक खाडा म्हणजे कापलेला पैसा आणि कधीकधी गेलेले काम असते. बारा तासांच्या पाळीवर सुरक्षारक्षक असलेल्या वडिलांना दिवसा सुट्टी मिळतच नाही. मग मूल घरी सांगतच नाही, दप्तर घेऊन निघते आणि दिवसभर स्टेशनच्या पुलावर किंवा बागेत बसून संध्याकाळी घरी जाते. घटना घडली त्या संध्याकाळी वर्गशिक्षकाने फोन करावा, काय झाले ते विशेषणे न लावता सांगावे, घरी अलीकडे काही बदल झाला आहे का हे विचारावे आणि भेटायची वेळ पालकांच्या सोयीने, लागल्यास अधिवेशन सुरू होण्याआधी किंवा सुटल्यानंतर ठरवावी. भेट चार दिवसांनी होवो की आठ दिवसांनी, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी घेताना ते मूल आपल्या बाकावर असले पाहिजे आणि ही गोष्ट त्या फोनवरच पालकांना सांगितलेली असली पाहिजे.